शपथेचा नारळ

कातळवाडी, पावसच्या वर
१४ डिसेंबर २००१

चि. शमिका हिला दादूकाकाचे पुष्कळ आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे आहोत तसे आहोत. तू चिपळुणात मामाकडे सुखात असशील, दवाखान्यातली नोकरी आता अंगवळणी पडली असेल. पत्राचं कारण पहिल्याच ओळीत सांगायची रीत आहे. पण माझं कारण नांगराला जुंपून न घेणाऱ्या बैलासारखं मागे मागे सरतंय, म्हणून आधी बाकीचं सांगतो.

भात झोडून झालं. दाणा बरा उतरला, पेंढा मात्र भिजून काळा पडला. आंब्याचा मोहोर अजून डोळे चोळतोय. तुझ्या तुळसाकाकूचा गुडघा थंडीने कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा ती स्वतः जास्त कुरकुरते.

मी फोन का करत नाही, असं तू विचारलंस. गावात फोन एकच, तो सखारामशेटच्या दुकानात. तिथे जाणं मी अलीकडे कमी केलंय. चहा, गूळ लागेल ते अयूब पावसहून येताना रिक्षातून आणून देतो. हे पत्रही तोच पोस्टात टाकील.

तुझी आई काशी बरी आहे. विहिरीवर जात नाही, खालच्या पऱ्ह्यावरून पाणी आणते. "वाहतं पाणी गोड लागतं," म्हणते. म्हणू दे.

आता कारण. शिमगा तीन महिन्यांवर आला. काशी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून देवीची पालखी तिच्या अंगणात आली नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. तुझा बाप गेला त्या सालीही आली. गेल्या शिमग्याला पहिल्यांदा चुकली. तेव्हा तिने खण-नारळ उचलून आत ठेवला. परवा मात्र शेणी थापता थापता मला विचारलं, "भावजी, या वर्षी येल काय हो?"  उठलो आणि सखारामच्या घरी गेलो. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष तो, पालखी कुठे जाणार ते तोच ठरवतो.

झालेलं तुला ठाऊकच आहे. पण लिहून काढल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, ही जुनी खोड. मी शाळा पाहिली ती तिच्या छपरावर बसून, नळे बदलताना. अक्षरं शिकलो पुड्यांच्या कागदांवरून. त्यामुळे मला सगळं एकाखाली एक मांडावं लागतं.

सरकारने पंचायतीची आपली जागा बाईसाठी राखीव केली. गावकी देवळात बसली. सदू गुरवाने कौल घ्यायला देवीला ओल्या पाकळ्या लावल्या, उजवी पाकळी पडली आणि सखारामची बायको सोनूबाई ठरली. मी गाऱ्हाणं घातलं. घरटी एकेक पुरुष पुढे आला आणि नारळावर हात ठेवून बोलला, घरातली सगळी मतं सोनूबाईला. तू दुसऱ्या दिवशी जाऊन फॉर्म भरलास. "देवीला विचारलंत, पण सोनूकाकीला विचारलं नाहीत आणि मलाही नाही," असं देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणालीस. मग पेटी उघडली आणि तू निवडून आलीस. देवळात सगळे हात नारळावर, आणि पेटीतली निम्म्याहून जास्त मतं तुझ्या नावावर! कोणाकोणाची होती, देवी जाणे. शब्द कोणी मोडला ते कळेना, म्हणून ज्या घरामुळे मोडला ते घर वाळीत टाकलं. तुझ्या बालवाडीत पोरं येईनाशी झाली आणि तुला चिपळूण गाठावं लागलं.

तर सखाराम म्हणाला, "काका, आमचं काय वैर हाय काय पोरीशी? येऊ दे. राजीनामा देऊ दे, देवीपुढे नारळ ठेवून 'चुकले' म्हणू दे. पालखी वाजतगाजत काशीच्या दारात आणतो."

दोन घटकांचं काम आहे गो. मी बाजूला उभा राहीन, शब्दही मीच सांगेन, तू नुसती मान हलव. पोटच्या पोरीने आईसाठी नारळ ठेवला म्हणून ती लहान होत नाही. विचार कर.

तुझा काका
दादू

* * *

कातळवाडी
२० फेब्रुवारी २००२

चि. शमिकास आशीर्वाद.

तुझी चार पानं पोचली. साडेतीन पानं मला भातासारखं झोडलंस, ते बरं केलंस, कोंडा गेला. उरलेल्या अर्ध्या पानावर लिहिलंस, "आईसाठी येते. राजीनामा देते." ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तू विचारलंयस, "काका, खरं सांगा, देवी बोलते का?"

बाय, चाळीस वर्षं मी तिच्यापुढे गाऱ्हाणं घालतोय. कोणाचं ढोर हरवलं, कोणाचा पोर बोटीवर गेला, कोणाच्या सुनेला मूल होईना. मी गावाच्या वतीने मागत आलो, आणि मागताना ती ऐकते हे मला माझ्या पाठीच्या कण्यात कळत आलंय. ते मी कोणासाठी खोटं म्हणणार नाही, तुझ्यासाठीही नाही. पण बोलते का? मला वाटतं, ती ऐकते तेवढं पुरतं. बोलायचं काम आपण तिच्या गळ्यात मारलंय. ओल्या दगडावर पाकळी किती वेळ टिकेल हे वाऱ्यालाही ठाऊक असतं. गुरं-ढोरं, लगीन, पेरणी, इथवर त्याने कोणाचं बिघडत नव्हतं. आता सरकारी कागदावर कोणाचं नाव चढवायचं, हेही तिला विचारायला लागले. उत्तर मात्र नेमकं सखारामच्या घरातलंच येतं.

आणि सरकारचं म्हणशील, तर तेही सोवळंच. वाळीत टाकल्याच्या तुझ्या अर्जावर फौजदार आला होता, हे मी तुला कळवलं नव्हतं. आधी देवळात गेला, प्रसाद घेतला, सखारामकडे पोहे खाल्ले आणि मग काशीच्या अंगणात येऊन म्हणाला, "मावशी, मारलं का कुणी? शिवी दिली का? नाही ना? मग कोणी बोलत नाही तर त्याला बोलायला लावायचा कायदा माझ्याकडे नाही. हा तुमचा देवाधर्माचा मामला." 'गावात शांतता आहे' असं लिहून गेला. कोणी बोलतच नाही म्हटल्यावर शांतता असणारच!

अयूबला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काका, आमच्या मोहल्ल्यात तरी वेगळं काय? झोयाला नर्सिंगला घातली तर चार जण घरी आले समजवायला. तुमच्याकडे पाकळी पडते, आमच्याकडे माझी मान पडली असती." पण पोरगी शिकतेय त्याची. रत्नागिरीला रोज तो स्वतः सोडतो.

आता गेल्या पत्रात जे झाकलं ते लिहितो. काशी पऱ्ह्यावर जाते ती पाणी गोड म्हणून नव्हे. विहिरीवर तिने कळशी टेकली की बाकीच्या बायका आपल्या कळश्या उपड्या करतात. तिला ते बघवत नाही. आणि मी दुकानात जात नाही, तेही असंच. दिवाळीला मी तिच्याकडे चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी सखारामच्या पोराने माझ्या हातात पिशवी तशीच रिकामी दिली. म्हणाला, "आजोबा, बाबांनी सांगितलंय." पोर खाली बघून बोललं, त्याला काय बोलणार!

गाऱ्हाणं मात्र अजून माझ्याकडे आहे, कारण ते सगळं पाठ दुसऱ्या कोणाला नाही.

आणि आता सगळ्यात वाईट. तू येतेस हे मी सखारामला कळवलं, तर अट वाढली. नुसतं 'चुकले' पुरणार नाही. ज्यांनी नारळावर हात ठेवून तुला मत दिलं, त्या घरांची नावं तू देवीसमोर सांगायची. मी म्हटलं, "अरे, मत गुप्त असतं, तिला काय माहीत?" तर म्हणतो, "सरकारला गुप्त असेल, देवीला कसलं गुप्त? पोरीने सांगावं, पाकळी लावून खरं-खोटं करून घेऊ."

म्हणजे तू चार नावं घेणार, पाकळ्या पडणार, आणि आणखी चार चुली एकट्या पडणार. त्यांच्या आया पऱ्ह्यावर जाणार.

एसटीचं तिकीट काढू नकोस. शिमग्याआधी गावकी बसेल, तिथे मी बोलून बघतो. आईला यातलं काही लिहू नकोस. तिने पालखीसाठी अंगण चोपण्याने ठोकून सपाट करायला घेतलंय.

काका

* * *

कातळवाडी
८ एप्रिल २००२

माझ्या लेकी,

शिमगा झाला. पत्राला उशीर लावला, कारण हात धजत नव्हता.

गावकी बसली. सगळी पुरुषमाणसं सभामंडपात, बायका खांबांच्या पलीकडे. सदू पाकळ्या भिजवून बसलेला. सखाराम म्हणाला, "काका, घाला गाऱ्हाणं. पोरगी काय आली नाय, आपण देवीलाच विचारूया, शब्द कोणी मोडला."

मी नारळ घेऊन उभा राहिलो. "आई, बारा वाड्यांच्या राखणदारणी," इथपर्यंत नेहमीसारखं म्हटलं. मंडळींनी "होय महाराजा" म्हटलं. मग मी म्हटलं, "शब्द मोडणाऱ्यांची नावं ही तुझी लेकरं विचारतायत. पाकळ्यांना कशाला त्रास? पहिलं नाव मीच सांगतो. दादू."

दोघे-तिघे हसले. बाबल्या म्हणाला, "काका, सकाळीच घेतलाव काय?"

"घेतली असती तर बरं झालं असतं रे. मत मी शमिकाला दिलं."

सखाराम उठला. "ही मस्करीची जागा नाय."

"म्हणूनच इथे सांगतोय. नारळावर हात ठेवला तो मी, गाऱ्हाणं घातलं तो मी आणि शिक्का मारला तोही मीच. पण एकट्या म्हाताऱ्याच्या मताने पोरगी निवडून येत नाय. बाकीच्यांनी उठा. सगळे उठलो तर कोण कोणाला वाळीत टाकील?"

शमिका, कोणी उठलं नाही.

बाबल्याच्या पोरीला तू अक्षर शिकवलंस. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. सदू गुरव पाकळ्या कालवत राहिला, जणू आमटीच ढवळतोय. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलो आणि माझी नजर जिथे जाईल तिथलं तोंड वळत गेलं. इतकी मतं तुला पडली होती, आणि देवळात त्यातलं एकही हजर नव्हतं!

सखारामने माझ्या हातातून नारळ काढून घेतला. ओढून नाही, सावकाश. म्हणाला, "काका, तुमचं वय झालं. आता घरी बसा." गाऱ्हाणं आता त्याचा मुंबईचा पुतण्या कागदावर बघून वाचतो.

मी असं का केलं, मत तुला का दिलं, हे तू विचारशील. काशीची पोर म्हणून नाही. मतदानाच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो आणि बघतो तर माझ्यामागे कोणी नाही. ना गावकी, ना भावकी, ना सखाराम. सत्तरीला आलो, असा एकटा मी देवळातसुद्धा कधी उभा राहिलो नव्हतो. मी देवीला विचारलं, काय करू? ती नेहमीसारखी गप्प. मग पहिल्यांदाच माझं मला विचारलं, आणि हात आपोआप तुझ्या चिन्हावर गेला. मला तर वाटतं, त्या दिवशी ती जवळ होती. नारळ फोडताना कधी इतकी जवळ वाटली नव्हती.

चार दिवसांनी पऱ्ह्यावर सोनूबाई आली. तिच्या दारात नळ, तिला पऱ्ह्याचं काय काम? तुझ्या आईजवळ बसून नुसतीच हात धूत राहिली. मग म्हणाली, "काशे, माझंपण मत तुझ्याच पोरीला होतं गो. मला कुठं जमतंय तिथं खुर्चीत बसायला? पण कुठे बोलू नुको, माझी आण हाय तुला." आणि गेली. वरच्या वाटेवर मी होतो, ते तिने पाहिलं नाही. देवीने जिला निवडली तीच म्हणे दुसरीला मत देऊन आली! हे तुझ्या-माझ्यात ठेव. मी तोंड उघडलं ते माझ्या मताचं, तिचं उघडायचा मला हक्क नाही. एवढंही लिहायला नको होतं, पण एकट्याने पचत नाही.

आता पालखी.

काशीला मी सांगितलं होतं, वाट बघू नकोस. तिने ऐकलं, मान हलवली आणि पहाटे उठून अंगण सारवलं. रांगोळी काढली. खण, नारळ, तांदूळ सुपात घेऊन दारात उभी राहिली. मी पलीकडच्या दगडी गडग्याशी उभा होतो. ढोल वळणावर आला. पुढच्या खांद्याला बाबल्या होता. काशीच्या अंगणात शिरायच्या बेड्याशी त्याचं पाऊल अडखळलं, पालखी तेवढ्यापुरती कलली. मला वाटलं, वळते. तिलाही वाटलं असावं, कारण ती एक पायरी उतरली.

"चला रे," सखाराम मागून म्हणाला.

गेली. माझंही दार टाकून गेली. काशीने सूप खाली ठेवलं आणि जाणाऱ्या पालखीच्या पाठीला नमस्कार केला. माझा तोल गेला. ओरडलो, "कसली ही देवी! इतक्या वर्षांचं दार ओळखत नाय!"

तर ती मलाच समजावते, "तिला कशाला बोल लावताव, भावजी? तिला पाय कुठे हायत? नेतील तिकडं जाणार ती."

एवढं बोलली आणि आत जाऊन चूल पेटवली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

मी तिला तुझं सगळं सांगितलं. राजीनामा, नारळ, माझं तुला लिहिलेलं पत्र. तिने तव्यावर भाकरी टाकली. मग म्हणाली, "तुमी लिवलाव तिला? माझ्यासाठी?" आणि भाकरी उलटली. त्यात राग होता की काय होतं, अजून मला कळलेलं नाही. तुला निरोप एवढाच दिला, की पोरीने खाली मान घालून या गावात येऊ नये. आली तर सरळ येऊ दे, नाहीतर मी चिपळूणला जाईन. जाणार नाही ती, मला ठाऊक आहे.

तेव्हा राजीनामा देऊ नकोस. पंचायतीच्या सभेला ये, रिकाम्या खुर्च्यांसमोर का होईना, बस. अयूब स्टँडवर घ्यायला येईल.

माझं विचारू नकोस. संध्याकाळी दिवा लावताना तोंड आपोआप गाऱ्हाण्याला लागतं. सवय. एकेका घराचं नाव घेऊन भलं मागायचं. बाबल्याचं घर येतं, सदूचं येतं. सखारामचं आलं की घशात अडकतं, गिळताही येत नाही आणि उच्चारताही येत नाही. तिथेच थांबतो. गावाचं गाऱ्हाणं असं अर्ध्यावर ठेवून मी रोज जेवायला बसतो, आणि जेवण जातं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुला मत दिलेला,
आणि देवीसमोरही ते परत न घेणारा
दादूकाका