खोटे चार दिवस

आंजी (मोठी), जि. वर्धा

प्रिय सुरभी,

फोन उचलत नाही म्हणून रागावलीस ना? रागव. पण हे फोनवर बोलायचं नाही, सासूबाईंचे कान भिंतीपलीकडेच आहेत. मी मागच्या खोलीत बाहेर बसलेय. वेगळी सतरंजी, वेगळं ताट, लोणच्याच्या बरणीला हात नाही. आणि बाई गं, सगळं खोटं! माझी पाळी गेल्या वर्षीच गेली. अडतिसाव्या वर्षी. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्त तपासलं, आता परत यायची आशा धरू नका म्हणाल्या. घरात कुणालाच माहीत नाही, गोपाललासुद्धा.

झालं असं, की सुरुवातीला काही महिने मी बाहेर बसले नाही, तर सासूबाईंनी आपलंच गणित मांडलं. समीक्षाच्या पाठीवर इतक्या वर्षांनी पाळणा हलणार! मला पाण्याची बादली उचलू देईनात, गल्लीत दोघी-तिघींना सांगूनही आल्या. त्यांचं फुललेलं तोंड बघून माझी जीभच उचलेना. एके सकाळी सरळ उठले आणि या खोलीत येऊन बसले. म्हातारी दिवसभर जेवली नाही. तेव्हापासून दर महिन्याला बसते. दुकानातून पॅडचं पाकीट आणते आणि कोरेच पॅड कागदात गुंडाळून फेकते. हसतेस ना? मीही आधी हसले, मग तोंडात पदर कोंबून रडले.

जीव कुठे म्हणून ठरत नाही बघ. पोळ्या लाटता लाटता मानेपासून अशी आग उठते, की लाटणं फेकून अंगणात पळावंसं वाटतं. काल समीक्षावर उगाच खेकसले. पोरगी बिचारी न जेवता शाळेत गेली. गोपाल जवळ आला की मी कूस बदलते. त्याला वाटतं माझं त्याच्यावरून मन उडालं. ‘तुह्या मनात काय चालू राह्यलं, सांग ना मले,’ म्हणतो. तो नकोसा नाही गं, मलाच माझं अंग ओळखू येत नाही. ज्या पाळीला जन्मभर शिव्या घातल्या, ती गेल्यावर आपण बाई उरलो की नाही, असं वाटावं? मूर्खपणा आहे, पण वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आईची कधी गेली? म्हणून रविवारी अल्लीपूरला गेले. आई तूर निवडत होती. विचारलं तशी तिनं सूप जवळ ओढलं. मग सुपात बघतच म्हणाली, ‘मलेबी असंच झालतं. तुह्या आजीच्या भेवानं दोन वर्स खोटीच बाहेर बसली मी.’ माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. तिच्या पदरात तोवर आपण दोघी होतो. मी मात्र आधी घर बांधू, मग दुसरं मूल, असं म्हणत वर्षं घालवली. ‘आई, मले काऊन नाई सांगितलं?’ म्हणून ओरडलेच. तर म्हणते, अशा गोष्टी काय पोरींले सांगाच्या असतात? इतकी संतापले, की चहा न घेता उठले.

निघताना दारापर्यंत येऊन म्हणाली, ‘सुरभीले नको सांगू, भिऊन जाईन.’ म्हणूनच लिहितेय. हे बहिणीबहिणींत असू शकतं म्हणतात. तुला होईलच असं नाही. पण तू बत्तीसची आहेस, मूल हवं म्हणतेस आणि पस्तिशीनंतर बघू म्हणतेस. मीच तुला ‘घाई कशाला’ म्हणत आले. तो सल्ला मी परत घेते. नागपुरात चांगली डॉक्टर गाठ, याच आठवड्यात, आणि सगळं सांगून तपासून घे. मी ही सतरंजी आत्ताच गुंडाळतेय. गोपाल शेतातून आला की त्याला सांगेन, सासूबाईंसमोरच. घर डोक्यावर घेतील, घेऊ देत. तू भीत असशील तर भी, रड, माझ्याशी भांड. पण मी आईला जे ओरडून विचारलं, ते तू मला कधी विचारू नयेस.

तुझीच ताई,
नंदिनी