दारात उभी वेळ

॥ श्री ॥
दहिसर,
दि. ९ ऑगस्ट १९८८

चि. अनुपमा हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही सगळे खुशाल, तू तिकडे पुण्यात तशीच असशील.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोस्टमनने ते खालच्या चाळीत टाकलं होतं, तिथून वर यायला दोन दिवस लागले. तुझ्या बाबाने मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी परत माझं माझं वाचलं. माझं वाचणं म्हणजे अक्षराअक्षरावर बोट ठेवून, त्यामुळे तुझं पत्र मला दुप्पट पुरतं.

कम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागतं, हे वाचून मला भारी बरं वाटलं. आत गारवा केलाय तो पण त्याच्यासाठी, माणसांसाठी नाही, हे मी मालनला सांगितलं. तर ती मला म्हणाली की त्यात काय नवल, तुझ्या नवऱ्याच्या गिरणीत पण सुतासाठी हवा दमट ठेवायचे, माणसं खोकली तर खोकली. तिचं हे असं असतं. तुझी मालनआजी गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनला आलीय हे बाबाने कळवलंच असेल. बहीण माझी थोरली, तेव्हा घरात सध्या हुकूम तिचा. चहात साखर कमी, रेडिओ बंद, आणि नदीकडची खिडकी उघडायची नाही कारण वास येतो. वास येतो हे खरं आहे. तुझ्या बाबाची आता मरोळला रात्रपाळी लागलीय, तो दिवसा झोपतो, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या कुजबुजत भांडतो.

भांडण कशावरून ते सांगते, कारण त्यात तुझं काम आहे. दोन उन्हाळे तू टेपरेकॉर्डर खांद्याला लावून कोकणातल्या गावोगाव जात्यावरच्या ओव्या गोळा करत फिरलीस. कुठल्या कुठल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडलीस, पण घरातल्या म्हातारीला काही विचारलं नाहीस. असू दे. आता तू त्या ओव्या कम्प्युटरला शिकवतेयस आणि कुठली ओवी कुठल्या गावात म्हणतात ते तो एका दमात सांगतो, असं लिहिलंस. तर त्याला माझ्या आईची एक ओवी विचार.

लेक माझी निघाली, बाई सासरच्या वाटंवरी
दारात उभी वेळ, तिला म्हणा बस घरी

मी म्हणते ही आईने स्वतः जुळवली. मालन म्हणते की आवशीक खंय सुचता असला, तिला श्वास घ्यायची सवड नव्हती, गावातल्या सगळ्याच बायका म्हणत असणार. आई गेली तेव्हा मी परकरी पोर. तिचा फोटो नाही. लुगडी होती ती बायकांनी वाटून नेली. जातं भावकीत गेलं. जगात तिचं म्हणावं असं काहीच उरलेलं नाही बघ, ही दोन ओळींची ओवी तेवढी. ती पण सगळ्या गावाची निघाली तर मग माझ्याकडे काय राहिलं? म्हणून विचारते. त्याला गर्दी असेल तर माझा नंबर शेवटी लाव, पण लाव.

तो कम्प्युटर चालवणारा भीमराज म्हणून कोण आहे, त्याचं नाव पत्रात तीनदा आलंय. त्याचं लग्न झालंय का, तेवढं कळव.

माया आहेच, ती पत्राच्या पाठकोऱ्या जागेत मावत नाही म्हणून थांबते.

तुझी आजी,
रतन

*

पुणे,
दि. २७ ऑगस्ट १९८८

ती. आजीस अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

भीमराजचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत, आणि तुझा प्रश्न वाचून दाखवला तर तो लाजला. आता तरी समाधान झालं?

घरातल्या म्हातारीला विचारलं नाही हे मात्र अगदी बरोबर बोललीस. मला वाटायचं तू काय, कधीही विचारता येशील.

आजी, तुझी ओवी मी टाकली. कसं चालतं ते सांगते, म्हणजे मालनआजीला पटवता येईल. टेपवर ऐकलेली प्रत्येक ओवी मी आधी वहीत उतरवते. मग ती इंग्रजी अक्षरांत मशीनमध्ये भरते, कारण आपली अक्षरं त्याला येत नाहीत. इंग्रजीतली पण मोठी तेवढीच येतात. चार हजारांवर ओव्या झाल्यात. मग एखादा शब्द किंवा अर्धी ओळ दिली की तो सगळ्या चाळून काढतो आणि ती कुठल्या गावात मिळाली ते छापून देतो. हेच काम माझ्या सरांनी त्यांच्या तरुणपणी चिठ्ठ्या करून केलं. त्यात त्यांची आठ वर्षं आणि डोळे गेले. मी म्हटलं, मालनआजीची आणि त्यांची गाठ घालून देऊ.

विद्यापीठातले बरेच जण हसतात. ओव्यांना कम्प्युटर म्हणजे मांजराला पागोटं, असं एक बाई मला तोंडावर म्हणाल्या. म्हणून हे काम नीट व्हायला हवंय गं.

आम्हाला मशीन आठवड्यातून एकदाच मिळतं. निकाल आला की लगेच लिहीन. तुझं खोकल्याचं औषध चालू ठेव. आईला आणि बाबांना नमस्कार. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहो, एवढंच मागते.

अनुपमा

*

दहिसर,
दि. २० सप्टेंबर १९८८

चि. अनुपमास गोड आशीर्वाद. वि. वि.

मालनचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसलीय आणि काही दिसत नाही तरी मी भाजीत मीठ किती टाकते ते तिला बरोबर कळतं. गणपती शेजारच्या कुंदाकडे बसले होते, आरतीला मला दोन माणसांनी धरून नेलं. नको म्हटलं तरी धरतात.

मी तिथे सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्या आईची ओवी कम्प्युटरमध्ये गेली. कुणाला वाटलं ती आता टीव्हीवर लागणार. कुंदाच्या सासूने विचारलं की आईला त्याचे काही पैसे मिळतील का. मी म्हटलं, मिळेल ना, नाव मिळेल.

तू तुझ्या कामाला हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. पहिली पिठाची चक्की आली तेव्हा आमच्या गावात बायका म्हणाल्या, त्या पिठाची भाकरी घशाखाली उतरणार नाही. महिन्याभरात सगळ्या डबे घेऊन रांगेत. मी पण होते. पण एक सांगू, चक्की आली आणि गाणं गेलं. मोटारीच्या आवाजात कोण काय म्हणणार? आता एका यंत्राने घालवलेलं दुसरं यंत्र शोधून देतंय, म्हणजे त्यांच्या घरातच काहीतरी वाद असणार.

पहाटे जाग आली की मला आईचा हात दिसतो. चेहरा नाही, हात, जात्याच्या खुंट्यावर. बांगड्या वर सारून बांधलेल्या असायच्या. मी तिच्या मांडीवर डोकं टाकलेलं, आणि ती मागेपुढे व्हायची तसं माझं डोकं पण मागेपुढे. त्या हलण्यात ती ओवी माझ्या कानात गेली. ऐकली असं म्हणवत नाही.

निकाल कळव. मी रोज जिन्यापर्यंत जाऊन येते.

तुझी आठवण काढायला निमित्त लागत नाही अशी,
आजी

*

पुणे,
दि. ३ ऑक्टोबर १९८८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मी चार दिवस घेतले. निकाल आला. ‘दारात उभी वेळ’ ही अर्धी ओळ आणखी तीन गावांत मिळाली, कुडाळकडच्या दोन आणि वेंगुर्ल्याकडच्या एका. पुढचा अर्धा भाग बायका आपापल्या मनाने बदलत असणार, पण मूळ ओळ सगळ्यांची, असंच दिसतंय.

म्हणजे मालनआजीचं खरं निघालं. पण त्यामुळे ओवी कमी होत नाही गं आजी. उलट इतक्या बायकांना ती हवीशी वाटली. तू वाईट वाटून घेऊ नकोस. दिवाळीला येतेय, तुझी ओवी तुझ्याच आवाजात टेप करीन.

प्रेम आहे तसंच असू दे.

अनुपमा

*

दहिसर,
दि. १० ऑक्टोबर १९८८

चि. अनुपमास आशीर्वाद.

पत्र पोचलं. मालनला वाचून दाखवलं. आम्ही बऱ्या आहोत. तू जेवत जा.

आजी

*

पुणे,
दि. २४ ऑक्टोबर १९८८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं एवढं छोटं पत्र मला आजवर कधी आलं नव्हतं. त्यात मीठ नाही, खिडकी नाही, कुंदाकाकू नाही. ते टेबलावर ठेवून मला काही काम सुचेना, म्हणून त्या तीन गावांच्या टेप काढल्या आणि कानाला लावून बसले. वाटलं, त्या बायका कशा म्हणतात ते तुला नीट लिहून कळवावं.

आजी, त्या ‘वेळ’ म्हणतच नाहीत. तिघी ‘वेल’ म्हणतात. दारात उभी वेल, फुलं तिची लेकीशिरी. दुसरीकडे, दारात उभी वेल, तिला पाणी घाला तरी. जाईची वेल गं, मांडवावरची.

चूक माझी. इंग्रजीत ळ नाही. मी ल ला पण एल लिहिला आणि ळ ला पण एल. बिचाऱ्या मशीनला दोन्ही एकच दिसलं, आणि त्याने अर्धीच ओळ छापून दिली, म्हणून पुढची फुलं मला दिसली नाहीत. माझी सगळी वही शुद्ध मराठीत आहे आणि मी तिच्याकडे बघितलं नाही, छापील कागदावर विश्वास ठेवला. सरांकडे जाऊन कबूल केलं. ते रागावले नाहीत, हसले, आणि म्हणाले की आता चार हजार ओव्यांतला प्रत्येक ळ शोध. तेच करतेय. ळ ला दोन एल दिले. बाळ, माळ, काळी, सगळ्या परत भरल्या. माझं वर्ष लांबणार, त्या हसणाऱ्या बाईंना हसायला आणखी मिळणार. चालेल.

काल संध्याकाळी तुझी ओवी परत विचारली. मशीनने कागदावर एकच ओळ छापली, की मिळाली नाही. भीमराज म्हणाला, अरेरे. मी त्याला म्हटलं, अरेरे काय, पेढे आण.

आता खरं तेच लिहिते. मिळाली नाही म्हणजे तुझ्या आईनेच जुळवली हे मला शास्त्रानुसार म्हणता येणार नाही. एवढंच म्हणता येईल की मी ऐकलेल्या कुठल्याही बाईच्या तोंडी ती नाही. वेलीला सगळ्यांनी दारात उभं केलं, वेळेला कुणी एकीनेच केलं. आणि त्या वेळेला, पाहुणी आल्यासारखं, घरात बसवून घ्या म्हणजे लेकीचं निघणं लांबेल, हे जिला सुचलं ती मला भेटायला हवी होती.

प्रत्येक ओवीपुढे मी बाईचं नाव आणि गाव लिहिते. या ओवीपुढे काय लिहू? पणजीचं नाव मला माहीतच नाही, आणि बाबांना पण नाही. ते तेवढं कळव.

तुझ्या लांबलचक पत्राची वाट बघणारी,
अनुपमा

*

॥ श्री ॥
दहिसर,
दि. १ नोव्हेंबर १९८८

चि. अनुपमा हिस आजीचे पोट भरून, वर एक घास जास्तीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा बाबा झोपला होता, त्याला उठवलं नाही. मीच बोट ठेवून वाचत गेले. मालन पलीकडे तांदूळ निवडत होती, पट्टी निघालीय तिची, आता खडा दिसला की मला दाखवते. मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. वेल आणि वेळ वाचून मला इतकं हसू आलं की खोकला लागला. एवढा थंडीत बसवलेला कम्प्युटर, आणि त्याला ळ म्हणता येत नाही. लहानपणी तू पण म्हणायची नाहीस, केलं दे म्हणायचीस. तो पण शिकेल.

मग मी मालनला म्हटलं की हरलीस, आता कबूल कर. मला वाटलं भांडेल. ती सूप खाली ठेवून बसली. मग म्हणाली, आवस माझी दारात येवक नाय.

मला कळेना. मग तिने सांगितलं. आमच्या घरातून सासरी निघालेली पहिली लेक ती. बारा-तेरा वर्षांची. व्हाळावरचा साकव ओलांडेपर्यंत ती मागे वळून वळून बघत गेली, दारात सगळी भावकी उभी होती, पण आई नव्हती. तिला वाटलं, एक खाणारं तोंड कमी झालं म्हणून आई कामाला लागली असेल. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला पण नाही. ती घरी असेपर्यंत आईने ही ओवी कधी म्हटली नव्हती. आई गेल्यावर तिने ती माझ्या तोंडून ऐकली. तेव्हा तिने मनात ठरवून टाकलं की ही गावाची ओवी, हिच्यात आपण नाही.

मी म्हटलं, अगं तू गेल्यानंतरच म्हणायला लागली ती. मी घरात होते ना. तिने विचारलं, कितीदा म्हणायची. मी म्हटलं, रोज. तिने परत विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज गं बाई, दुसरं काही म्हणायचीच नाही, मला कंटाळा यायचा.

मग ती रडली असं मी लिहिणार नाही, डॉक्टरने तिला रडायचं नाही म्हणून सांगितलंय. पदर डोळ्याला लावू नको म्हणून मी तिचे दोन्ही हात धरून बसले. तांदूळ तसेच राहिले.

आता नावाचं. मला आईचं सासरचं नाव माहीत, लक्ष्मी. सगळे काकी नाहीतर वहिनी म्हणायचे, त्यामुळे ते पण कुणी वापरलं नाही. मी म्हटलं, लक्ष्मी कळवते. तर मालन म्हणाली की ते नाव लग्नात दिलेलं, ओवी त्या नावाची नव्हे. मामा यायचा तेव्हा आईला आवडी म्हणून हाक मारायचा, आणि आई त्या एकाच हाकेला लगेच उठायची. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पाळण्यात.

तर तू आवडी लिही. मालन म्हणते, नुसतं लिहू नको, नावाच्या पुढे मालनची आई असं लिही. मी पण तिच्याच पोटची आहे, पण ही खेप तिची. तसंच लिही.

दिवाळीला ये. मालनला पण तेवढ्यासाठी थांबवून घेतलंय. लोभ तुझा आहेच, यंदा तो घेऊन घरी ये.

तुझी आजी,
रतन