आईने घेतलेलं नाव

प्रिय विनिता,

आईच्या दहाव्याला तू हळूच विचारलंस, "चंदरदादा, आईने कधी माझं नाव काढलं?" मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं. इथे लिहितोय, पण पाठवायची हिंमत होईलसं वाटत नाही.

तू निर्वासितांच्या कॅम्प एकमधल्या सिंधी मुलाशी लग्न केलंस, तेव्हापासून घरात तुझं नाव घ्यायचं नाही, हा नियम माझाच. गेल्या वर्षी आईला चक्कर यायची, म्हणून कानाची तपासणी केली. डोळ्यांवर काळा चष्मा लावून कानात कोमट पाणी सोडतात. सगळं गरगरतं, आणि तेवढा वेळ माणसाला बोलतं ठेवावं लागतं.

"आजी, भाज्यांची नावं सांगा," तपासणारी मुलगी म्हणाली.

"भाज्या रोजच्याच गं. माझ्या पोरीचं सांगते. विनिता."

"अजून?"

"विनिता. विनिता."

मुलगी हसून माझ्याकडे वळली. "विनिता तुमची कोण, काका?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

आईने ते ऐकलं. पुढे ती एक शब्दही बोलली नाही. "आजी, बोलत राहा ना," ती मुलगी सारखी म्हणत होती.

दादा म्हणवून घ्यायला लाजणारा,
चंदर