आम्ही आणि आपण

आई,

'प्रिय' लिहू की नको ते ठरेना, म्हणून नुसतंच आई. पाठवायचं नाहीच आहे, चालेल.

आमचं कॉलेज एवढंसं. भाषाशास्त्राच्या वर्गात सहा मुली, आणि सातवं बाकावर येऊन बसणारं ऊन. काल बाई म्हणाल्या, "तुम्ही शिकताय त्या परक्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. मग आपल्याकडे दोन कशाला? उदाहरण द्या बरं."

मी कधी नव्हे ती गप्प बसले. उदाहरण अगदी जिभेवर होतं. दुसऱ्या लग्नानंतर तू फोनवर म्हणालीस, "अगं, आम्ही नव्या घरी राहायला जातोय." मी म्हटलं, "अरे वा!" तुझ्या ते लक्षातही आलं नसेल. बोलताना व्याकरण कोण बघतं?

आज पहाटे स्वप्नात तुझा फोन आला. तू चक्क ती परकी भाषा बोलत होतीस, तीही तुझ्याच हेलात. नव्या घराचं तेच सांगितलंस, त्या एकाच शब्दात.

आणि मी बॅग भरायला घेतली.

तुझीच,
बडबडी