गाढवाला मार बसला होता

प्रिय दादा,

गालाची सूज उतरली का? भर उपासनेत, सगळ्या मंडळीदेखत पाळकाच्या थोबाडीत देणारी मी पहिलीच असेन. माफी मागत नाहीये. हात अजून शिवशिवतोय.

दुःखानं माझं डोकं फिरलंय असं तू सगळ्यांना सांगतोस म्हणे. नीट ऐक. माझ्या लेकाला गॅरेजमधल्या त्याच्या जोडीदारानं जॅकच्या दांड्यानं मारलं, एका फुटलेल्या काचेवरून. दफनाच्या वेळी तू म्हणालास, विझवणाऱ्या हातालाही उजेडाची तहान असते. त्या एका वाक्यावर मी दिवस काढले. कारखान्यात चामडं कापताना तेच पुटपुटायची. मग कोर्टात तो पोरगा उभा राहिला, मोबाइलवर बघून माफी वाचायला लागला, आणि तेच वाक्य, शब्दाला शब्द! तुम्ही दोघांनी मोबाइलमधल्या त्या एकाच एआय यंत्राला विचारलेलं. मारणाऱ्यालाही तेच आणि पुरणाऱ्यालाही तेच.

मी जाब विचारला, तर उत्तर दिलंस ते थेट व्यासपीठावरून, हसत. म्हणे बायबलात देव गाढवाच्या तोंडूनही बोलला, मग यंत्राच्या का नाही? तिथंच माझा हात उठला. अरे, लहानपणी ती गोष्ट मला तूच सांगितलीस ना? ते गाढव बोललं मार खाल्ल्यावर. मला का मारलंस, हेच तर विचारलं त्यानं. आपला देवसुद्धा नुसतं बोलून थांबला नाही, हाडामांसाचा झाला, खिळे ठोकून घेतले. तुझ्या यंत्राला खिळा कुठे ठोकणार? त्याचं कोण मेलंय, म्हणून ते क्षमेच्या गोष्टी करतंय?

त्यानं माफी वाचली त्याच दिवशी, कोर्टाच्या जिन्यात मी त्या पोराला कॉलर धरून भिंतीवर आपटलं. मोबाइल पडून फुटला. म्हटलं, आता स्वतःच्या तोंडानं बोल. खूप वेळ नुसता रडला. मग म्हणाला, पहिला फटका रागानं मारला, दुसरा तो उठेल या भीतीनं, आणि तिसरा मारताना बरं वाटलं. मी कॉलर आणखी आवळली. पण दादा, माफ करावं असं काहीतरी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर आलं. ते मला झेपत नाहीये.

तो जामिनावर बाहेरच आहे. रविवारी घरी येऊ का म्हणाला, मी ये म्हटलं. प्रभूला सांगते, मला क्षमा करायचीय. आणि कामावरची रापी, चामडं कापायची, रोज घरी आणून तिला धार लावते. आत्ताही उशीखाली आहे. म्हणून लिहितेय. तू त्याच्या आधी ये. झगा नको, लिहून आणलेलं काही नको. सुचलं नाही तर गप्प बस. फक्त माझा उजवा हात धर, आणि मी शिव्या दिल्या, चावले, तरी सोडू नकोस.

तुझीच,
भांडकुदळ बहीण