नेस्तोरच्या पायाबद्दलचा खुलासा

मी, ओबदुलिया मोरेइरा वेलेस, वय शहात्तर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार चोने, मानाबी प्रांत, बुद्धी शाबूत असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते मी रागात केले होते.

१. माझे राहते घर, मागच्या केळींसह, माझा धाकटा भाऊ नेस्तोर याला द्यावे. आधी मी त्याला वगळले होते.

२. माझे प्रयोगाचे काचसामान शाळेला द्यावे. ज्या मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेत मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या, त्यांचे नाव या सामानाच्या कपाटावर घालू नये.

३. माझी बँकेतील सर्व ठेव नेस्तोरची नात लिसबेत हिला द्यावी. यामागची हकीकत नोंदवणे भाग आहे.

गेल्या वर्षी लिसबेत अन्नतंत्रज्ञानाची पदवीधर झाली. पुढच्या पदवीसाठी तिला ब्राझीलमध्ये प्रवेश मिळाला, आणि त्याच आठवड्यात इथल्या कोको सहकारी संस्थेने नोकरी देऊ केली. ती मला विचारायला आली, की तेविसाव्या वर्षी मेक्सिकोचा प्रवेश मिळूनही मी का गेले नाही. मी नेहमीचेच उत्तर दिले: नेस्तोर घोड्यावरून पडला, पाय मोडला, घर माझ्यावर आले. नेस्तोर शेजारीच बसला होता.

"मग मीही जात नाही, आजी," लिसबेत म्हणाली. "तुम्हा दोघांचं बघायला आता कुणीतरी हवंच ना."

आणि तिने नकाराचे पत्र लिहायला घेतले.

माझे उत्तर खोटे होते. परक्या शहरात, हुशार मुलांमध्ये आपण सामान्य निघालो तर, या भीतीने मी गेले नव्हते. खोटे इतकी वर्षे सांगितले, की मलाच ते खरे वाटू लागले आणि भावाचा राग येऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना बसवून मी हे सांगितले. पस्तावलीस का, असे लिसबेतने विचारले. शिकवण्यात आयुष्य गेले त्याचा पस्तावा नाही, मी म्हटले. भावावर ढकलले त्याचा आहे.

नेस्तोर म्हणाला, "ताई, मला ठाऊक होतं. तुझं नकाराचं पत्र मीच टपालात टाकलं. घोड्यावरून पडलो ते महिन्यानंतर."

मग पन्नास वर्षे गप्प का राहिलास, मी विचारले.

"तुला कारण हवं होतं. माझ्याकडे पाय होता."

लिसबेतने पत्र पाठवले नाही. विद्यापीठाकडून वर्षाची मुदत मागून घेतली आणि सहकारी संस्थेत हंगाम काढला. वाळत घातलेल्या कोकोच्या बियांना एकाच अंगणात बुरशी का धरते आणि शेजारच्या अंगणात का नाही, याचे उत्तर तिथे कोणाकडेच नव्हते. पुढच्या महिन्यात ती हा प्रश्न घेऊन ब्राझीलला जात आहे.

या ठेवीला कोणतीही अट नाही. शिक्षण तिने पुरे केले, अर्धवट सोडले वा परत येऊन कोको वाळवत बसली, तरी ठेव तिचीच. कारण विचारण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

४. हे मृत्युपत्र नेस्तोरने अमलात आणावे. माझ्या अंत्यविधीसाठी लिसबेतला परीक्षा सोडून बोलावू नये. नेस्तोर आला की पुरे.

मी साक्षीदारांदेखत आणि त्यांनी माझ्यादेखत सही केली.

ओबदुलिया मोरेइरा वेलेस

साक्षीदार:
हासिंता बेरा, शेजारीण
डॉ. ओतोन सांब्रानो, माझा जुना विद्यार्थी

चोने, ११ जुलै २०२४