पापणीचा इंग्रजी शब्द

१९ जानेवारी १९३३
स्थळ परत गेलं. पोहे खाऊन, पानसुपारी घेऊन! मुलाची आई जाता जाता म्हणाली, "मुलगी बघायला आलो, तर मुलगी झोपलेलीच की." मी झोपले नव्हते. माझी डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. नीट दिसायला हनुवटी वर करावी लागते, मग लोक म्हणतात गोदावरी मगरूर आहे.
आत आत्या आईला म्हणाली, "ग्रहणात डोळा लागला ना तुझा? भोग आता."
मी पोटात असताना आई ग्रहण पाळायचं सोडून झोपली, म्हणून माझा डोळा झोपला — जन्मभर हेच ऐकतेय. आई बशा विसळत राहिली.

२० जानेवारी
डोकं दुखतंय. भुवई उचलून उचलून.

२ फेब्रुवारी
आपल्या गावात, सात रस्त्यापाशी, मुंबईचे डोळ्यांचे डॉक्टर आलेत. नाना मला आणि आईला घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे, पारशी. त्यांनी माझी भुवई अंगठ्यानं दाबून धरली — वर बघ, खाली बघ. मग एकच शब्द म्हणाले, "टोसिस." पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा. नजर चांगली आहे. ऑपरेशन मुंबईला होतं, पण यश येईलच असं नाही.
टांग्यात आईनं विचारलं, "औषध काय दिलं?"
नाना म्हणाले, "औषध नाही. नाव सांगितलं."

५ फेब्रुवारी
दादाच्या डिक्शनरीत टी-ची सगळी पानं पालथी घातली. शब्दच नाही! म्हाताऱ्यानं फसवलं की काय?

६ फेब्रुवारी
दादानं शाळेत मास्तरांना विचारलं. पहिलं अक्षर पी! लिहायचं, पण म्हणायचं नाही. काय हे लोक!
सापडला. मूळ शब्द ग्रीक, अर्थ 'पडणे'. दादा म्हणाला, फूल मलूल होतं, झेंडा लोंबतो, माणूस खचतो, त्याला 'ड्रूप' म्हणायचं. हा शब्द तिथं चालत नाही. फुलाला टोसिस होत नाही! हा डॉक्टरांचा शब्द, बहुतेक पापणीसाठीच. मला उगीचच बरं वाटलं. माझ्यासारख्या पुष्कळ असल्याशिवाय कुणी शब्द केला असता का?
आई तांदूळ निवडत ऐकत होती. हळूच म्हणाली, "कुणामुळं होतं, ते लिहिलंय त्यात?"
दादानं पुन्हा वाचलं. "नाही गं."
"झोपेचं काही?"
"काहीच नाही, आई."
ती सूप ठेवून परसात गेली. किती तरी वेळ आली नाही. आमटी करपली. नानांनी मुकाट्यानं खाल्ली.

९ फेब्रुवारी
आत्या म्हणाली, "साहेबाच्या शब्दानं ग्रहण खोटं ठरतं होय?"
आणि आई बोलली! "वन्सं, ओकाऱ्यांनी जीव गेला होता माझा. म्हणून डोळा लागला. मी लेकराचं वाईट चिंतलं नव्हतं."
 

२१ ऑगस्ट
आज सूर्यग्रहण. आत्याची लेक पद्मजा सहा महिन्यांची गरोदर, इथंच आहे. आत्यानं तिला खोलीत बसवून ठेवलं — सुरी नाही, सुई नाही, पाण्याचा घोट नाही. डोळा लागू नये म्हणून स्वतः समोर बसून जप करत राहिली. पद्मजा रडकुंडीला आली. ग्रहण सुटल्यावर आईनं तिला आधी सरबत दिलं.

१४ नोव्हेंबर
पद्मजाला मुलगा झाला. सुखरूप सुटली. आत्या साखर वाटत फिरतेय.

२२ नोव्हेंबर
बाळाचा उजवा डोळा टपोरा उघडतो. डावा अर्धाच. आत्या भिंतीला टेकून बसली आहे, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाही. "मी सगळं पाळलं गं, सगळं पाळलं..." एवढंच म्हणते.
आईनं बाळाला उचलून आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्याजवळ बसली. "वन्सं, याला टोसिस म्हणतात. यात आईचं काही चुकलेलं नसतं."